स्टार किती ते नंतर, आधी तास किती ते सांगा

गेल्या अंकात ऊर्जा संवर्धन कायद्यावर लिहिलं होतं, म्हणजे २००१ चा कायदा, १ मार्च २००२ ला लागू झाला, त्यातून बीईई नावाची केंद्राची संस्था उभी राहिली आणि फ्रीज-एसीवर ते स्टारवालं लेबल आलं, एवढंच. लिहिताना वाटलं होतं हे कोण वाचणार, पण पत्रांचा ढीग आलाय आणि निम्मी पत्रं भांडायलाच आलीत, जे मला बरं वाटलं. जागेत बसली तेवढी घेतोय, नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : आमचा देवबागेत होमस्टे असा, चार खोल्ये. दोन खोल्यांका एसी बसवूचो असा. दुकानवालो म्हणता पाच स्टार घेवा, कायदोच तसो असा, झिल म्हणता तीन स्टार पुरे. कोणाचा आयकू? (एक होमस्टेवाल्या ताई, देवबाग)

उत्तर : झिलाचं, म्हणजे मुलाचं ऐका ताई. आणि दुकानवाल्याला सांगा की पाच स्टारच घ्यायला लागतो असा कायदा कुठेच नाही. कायदा एवढंच म्हणतो की लेबल लावल्याशिवाय एसी विकता येणार नाही, आणि एक स्टारच्याही खाली असेल तर तो बाजारातच येता कामा नये. हे एसीला २०१० च्या जानेवारीपासून सक्तीचं आहे. कुठला स्टार घ्यायचा हा तुमच्या खिशाचा प्रश्न.

आता हिशोब बघा. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो, तो १६०० तासांचा असतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. दीड टनाच्या पाच स्टारला धरा साडेसातशे युनिट, तीन स्टारला साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे फरक दोनशे. पण १६०० तास तुमच्या खोलीतला एसी चालणार आहे का? एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ ते एकतीस डिसेंबर, आणि मधले शनिवार-रविवार, तेही खोली भरलेली असेल तर. पावसात तर देवबागेत कोण येतो. सहाशे तास धरले तरी खूप झाले, मग फरक उरला ७५ युनिटचा, बारा रुपयांनी धरला तर वर्षाला नऊशे रुपये. दोन मॉडेलच्या किमतीत आठ हजारांचा फरक असेल तर वसूल व्हायला नऊ वर्षं लागतील. आणि नऊ वर्षं देवबागेत एसीचा बाहेरचा डबा टिकला तर मला फोटो पाठवा, मी छापतो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, त्या खाऱ्या वाऱ्यात कॉइलच्या पातळ पत्र्या पिठासारख्या गळून पडतात आणि पत्र्या गेल्या की पाच स्टार काय नि एक स्टार काय, वीज सारखीच खातो. त्यामुळे वाचलेल्या आठ हजारांतून तांब्याची आणि वरून कोटिंग केलेली कॉइल असलेलं मॉडेल बघा, बाहेरचा डबा समुद्राच्या थेट तोंडावर लावू नका, घराच्या आडोशाला लावा, आणि सीझनमध्ये पंधरा दिवसांनी मेन स्विच बंद करून गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, जोरात पाइप मारू नका, पत्र्या वाकतात.

फ्रीजचं मात्र उलटं. तुमच्या किचनमधला फ्रीज रात्रंदिवस चालू, सुरमई-पापलेट भरलेला, वर्षाचे ८७६० तास. तिथे पाच स्टारचे पैसे टाकायला अजिबात मागेपुढे बघू नका. माझं सगळ्यांनाच हे सांगणं आहे, स्टार मोजायच्या आधी तास मोजा.

आणि हो, लेबलच्या खाली ते कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत चालतं ते छापलेलं असतं, ते नक्की बघा. किती विजेला किती स्टार हे ठरवणारे तक्ते दर काही वर्षांनी कडक होतात. जुलै २०२२ ला एसीचा तक्ता बदलला तेव्हा आदल्या दिवशीचा पाच स्टार दुसऱ्या दिवशी चार स्टार झाला होता, मशीन तेच! जुना माल 'पाच स्टार' म्हणून कोपऱ्यात उभा असतो आणि सवलतीत मिळतो. स्वस्त मिळत असेल तर घ्या की, पण तो आजचा पाच स्टार नाही हे ठाऊक असून घ्या.

प्रश्न : सरकारने आता साध्या पंख्यालासुद्धा स्टार लावायला लावलेत. बाराशे-पंधराशेला मिळणारा पंखा आता तीन हजारांचा घ्या म्हणून दुकानदार मागे लागतो. गरिबाच्या डोक्यावरचा वारा महाग करून कसली ऊर्जाबचत? (निवृत्त शिक्षक, राजापूर)

उत्तर : गुरुजी, तुमचा राग समजला, पण इथे मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे. १ जानेवारी २०२३ पासून पंख्याला लेबल सक्तीचं झालं हे खरं, पण एक स्टारचा साधा पंखा अजूनही मिळतो, तीन हजारांचा घ्यायची जबरदस्ती कोणावरच नाही. आणि अख्ख्या घरात पैसे टाकण्यासारखी वस्तू कुठली विचाराल तर मी एसी नाही, फ्रीजच्याही आधी पंखा सांगेन.

जुना पंखा फुल स्पीडला ७५ वॅट घेतो. नवीन बीएलडीसी वाला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा, ३० च्या आसपास. म्हणजे ४५ वॅटचा फरक, दिसायला काहीच नाही. पण कोकणात पंखा किती चालतो ते बघा, दमट हवेत डिसेंबर-जानेवारीच्या चार रात्री सोडल्या तर पंखा बंद कोण करतो! दिवसाला १५ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर दोनशे युनिट वाचतात, एका पंख्यामागे. देवबागच्या ताईंचा एसी आठ हजार जास्त घेऊन ७५ युनिट वाचवत होता आणि इथे पंधराशे-दोन हजार जास्त देऊन दोनशे वाचतायत.

आता रुपये किती वाचतात ते तुमच्या बिलावर आहे. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं, शंभर युनिटच्या वर गेलात की वरचा युनिट खालच्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. आणि बचत होते ती नेहमी वरच्या टोकाची. महिन्याला १४० युनिट येणाऱ्या घरात दोन पंखे बदलले तर जे ३०-३५ युनिट कमी होतात ते सगळे महागातले. ज्याचं बिलच साठ युनिटचं आहे त्याला फायदा निम्मा, त्याने घाई करू नये, जुना पंखा जळला की मग बघावं. आणि पाहुण्यांच्या खोलीतला पंखा, जो गणपती आणि मे महिना सोडून फिरतच नाही, तो आहे तसाच राहू द्या.

एक गोष्ट दुकानदार लपवतो ती सांगतो. या पंख्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. फायदा असा की व्होल्टेज पडलं तरी वारा कमी होत नाही, आणि आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेजची काय बोंब असते ते तुम्हाला माहितीच आहे. तोटा असा की मे अखेरीस विजा कडकडायला लागल्या की पहिलं तेच सर्किट उडतं आणि गावातल्या वायरमनला ते दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे गॅरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस रत्नागिरीत की मुंबईत हे स्टारपेक्षा आधी विचारा. भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर तो चालत नाही, रिमोट असतो, आणि रिमोट नातवंडं हरवतात, पण त्याला कायदा काय करणार.

प्रश्न : एसी २४ च्या खाली नेला तर दंड होतो असं ग्रुपवर फिरतंय. खरं का? (अलिबाग)

उत्तर : नाही. १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू केला की तो २४ वर सुरू व्हायला हवा, एवढाच नियम, पुढे तुम्ही १८ करा नाहीतर २८. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ च्या मध्येच ठेवायची योजना बोलून दाखवली होती, त्यावरून हे फॉरवर्ड सुटलेत. तीसुद्धा एसी कसे बनवायचे त्याबद्दलची गोष्ट, तुमच्या बेडरूममध्ये येऊन कोणी थर्मामीटर लावणार नाहीये.

प्रश्न : वीज वाचवली की देशाचा फायदा असं आम्हाला कॉलेजमध्ये शिकवतात. पण वीज कमी विकली गेली तर वीज कंपनीचं नुकसान नाही का? शिवाय बचत झाली की माणूस जास्तच वापरतो. मग कायद्याचा आर्थिक फायदा नेमका कोणाला? (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, गुहागर)

उत्तर : तू गुहागरची आहेस ना, मग उत्तर तुझ्या तालुक्यातच उभं आहे, अंजनवेलला. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प. घरी आजीला विचार, त्या आंदोलनाच्या गोष्टी सांगेल. १९९३ ला राज्याच्या वीज मंडळाने करार केला, पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, मे १९९९ ला वीज सुरू झाली आणि मे २००१ ला बंद पडली, कारण ती इतकी महाग होती की मंडळाला परवडेना, आणि करार असा की वीज घ्या नाहीतर घेऊ नका, क्षमता उभी केल्याचे पैसे द्यायचेच. योगायोग बघ, ज्या वर्षी हा प्रकल्प बंद पडला त्याच वर्षी, २९ सप्टेंबर २००१ ला, ऊर्जा संवर्धन कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध नाही, तसं मी म्हणत नाही, पण धडा तोच आहे. वीजकेंद्र बांधायचं ते संध्याकाळी सात ते अकरा जी सगळ्यांची एकदम मागणी येते तिच्यासाठी, आणि मग ते बाकीचा दिवस निम्म्या ताकदीने चाललं तरी कर्जाचे हप्ते तुझ्या-माझ्या बिलातून जातात. त्या वेळेची मागणी खाली आणली तर ते केंद्र बांधावंच लागत नाही, कायद्याचा सगळ्यात मोठा आर्थिक फायदा हा आहे आणि गंमत म्हणजे तो कोणाच्या बिलावर वेगळा छापून येत नाही.

वीज कंपनीचं नुकसान, हा प्रश्न मात्र एकदम बरोबर आहे, आणि उत्तर आहे की कोणाचा युनिट कमी झाला त्यावर. दुकानदार, हॉटेल, तीनशे युनिटच्या वरची घरं, यांच्याकडून जास्त दर मिळतो, ते कमी झाले तर कंपनीला टोचतं. पण शेतीपंप आणि खालच्या टप्प्यातल्या घरांना वीज पुरवठ्याच्या खर्चापेक्षा कमी दराने दिली जाते, तिथला प्रत्येक वाचलेला युनिट म्हणजे कंपनीचा तोटा वाचला. शिवाय तारांतून येताना काही वीज वाटेतच जाते, कोकणात तर डोंगर-दऱ्यांतून मैलोनमैल लाइन ओढलेली, म्हणजे घरात एक युनिट वाचला तर केंद्रावर एकापेक्षा जास्त वाचतो.

बचत झाली की जास्त वापरतो, हेही खरं. पूर्वी पडवीतला ६० वॅटचा बल्ब दहा-साडेदहाला आई ओरडून बंद करायची, आता ९ वॅटचा एलईडी संध्याकाळी लागतो तो सकाळपर्यंत. तरी गुणाकार कर, ६० वॅट चार तास म्हणजे २४० आणि ९ वॅट बारा तास म्हणजे १०८. तिप्पट वेळ जळूनही निम्म्याहून कमी. काही फायदा निसटतो, सगळा नाही, आणि रात्रभर पडवीत उजेड असला तर पायाखालचं जनावर दिसतं, त्याची किंमत कोण लावणार.

मग कायदा कशाला, लोक आपणहून घेतील की चांगली वस्तू, असंही पुस्तकात असेल. नाही घेत, कारण बरेचदा विकत घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. रत्नागिरीत बिल्डर फ्लॅटमध्ये सगळ्यात स्वस्त पंखे लावून देतो, बिल वीस वर्षं तुम्ही भरा, भाड्याच्या खोलीचं तर विचारूच नको. तिथे नुसती माहिती देऊन भागत नाही, खालची मर्यादाच घालावी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने दंडही वाढवलाय, नियमात न बसणारं उपकरण बनवलं तर दहा लाखांपर्यंत आणि वर प्रत्येक नगामागे दोन ते पाच हजार. नगामागे आहे म्हणून तो लागतो, नुसते दहा लाख मोठ्या कंपनीला चिल्लर.

पण सगळं श्रेय कायद्याला देऊ नकोस हं. एलईडी स्वस्त झाले ते घाऊक खरेदीमुळे. ईईएसएल नावाच्या सरकारी कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला बल्ब ३१० रुपयांना घेतला होता, कोट्यवधींच्या ऑर्डरी एकदम काढल्यावर २०१६ ला तो ३८ ला मिळाला. उजाला योजनेत ३६ कोटींच्या वर बल्ब गेले. त्या वेळी बिलाबरोबर रांगेत उभं राहून बल्ब घेतलेले आठवत असतील घरच्यांना. परीक्षेत लिहिताना दोन्ही लिही, खालून रेटा कायद्याचा आणि वरून ओढ बाजाराची.

प्रश्न : आमचा बर्फाचा कारखाना आहे. मध्ये एकजण आला, म्हणाला एनर्जी ऑडिट आता कायद्याने सक्तीचं आहे, नाही केलं तर दहा लाख दंड, मी चाळीस हजारांत करून देतो. करावं का? (बर्फ कारखानदार, रत्नागिरी)

उत्तर : दारात उभा राहून दंडाची भीती घालणाऱ्याला चहा पाजा आणि बीईईची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट मागा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. कायद्यातलं सक्तीचं ऑडिट, म्हणजे वीज-इंधन कुठे किती जातं याची तपासणी, आहे ते मोठ्या ग्राहकांना, ज्यांची नावं सरकारने अधिसूचित केलीत, सिमेंट, पोलाद, खत, कागद, कापड, औष्णिक वीज वगैरे. त्यांच्यातल्या ४७८ कारखान्यांना २०१२ ते २०१५ च्या पहिल्या फेरीत ऊर्जा कमी करायची टार्गेटं दिली होती, जो टार्गेटच्या पुढे गेला त्याला प्रमाणपत्रं मिळाली आणि जो मागे राहिला त्याने ती त्याच्याकडून विकत घ्यायची. ६.६९ दशलक्ष टन तेलाइतकी बचत ठरवली होती, झाली ८.६७. म्हणजे मोठ्यांकडे हे चालतं. तुमच्या बर्फाच्या लाद्यांपर्यंत ते आलेलं नाही.

पण ऑडिट करू नका असं मी म्हणत नाही. बर्फ कारखान्यात खर्च म्हणजे वीजच, पाणी आणि मजुरी त्यामानाने काय. महाऊर्जाच्या, म्हणजे राज्याच्या ऊर्जा संस्थेच्या ऑफिसात लहान उद्योगांसाठी काय योजना चालू आहे ते आधी विचारा. आणि तोपर्यंत स्वतः दोन ठिकाणी बघा. एक कंडेन्सर, जिथे गरम अमोनिया पाण्याने थंड होतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी किनाऱ्याजवळ खारट, नळ्यांवर थर चढतो, अमोनियाचं प्रेशर वर जातं आणि कॉम्प्रेसर कुंथत चालतो. कंडेन्सरचं तापमान एक अंशाने खाली आलं तरी साधारण दोन-तीन टक्के वीज वाचते, म्हणजे पाच अंश चढलेले असतील तर नुसत्या सफाईवर केवढं आलं. हेड प्रेशर, म्हणजे तेच अमोनियाचं प्रेशर, रोज वहीत लिहायला लावा ऑपरेटरला, नुसतं 'ठीक आहे' नको.

दोन मोटारी. जळली की रिवाइंड, परत जळली की परत रिवाइंड, असं चाललेलं असतं. दहा हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण लोडवर दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस चालली तर वीस हजार युनिट खाते, नऊ रुपयांनी धरा, एक लाख ऐंशी हजार. म्हणजे मोटारीच्या किमतीच्या कितीतरी पट बिल ती एकाच वर्षात करते. रिवाइंडमध्ये दोन टक्के कार्यक्षमता गेली तरी दरसाल चार हजारांच्या आसपास गेले, आणि तुमची मोटर आठ तास कुठे, सीझनला चोवीस तास! तिथे आयई३ म्हणजे जास्त कार्यक्षमतेची मोटर घ्या. आणि चोवीस तास चालणारीच आधी बदला, विहिरीवरची अर्धा तास चालणारी नव्हे.

प्रश्न : कुडाळला घर बांधतोय, जांभ्या चिऱ्याचं. घरांनाही हा कायदा लागू झालाय असं इंजिनीअर म्हणतो. (मुंबईकर चाकरमानी)

उत्तर : २०२२ च्या दुरुस्तीत राहण्याच्या इमारतीही आल्या, पण शंभर किलोवॅट किंवा जास्त जोडभाराच्या, म्हणजे सगळी उपकरणं मिळून तेवढा भार असलेल्या, मोठ्या इमारती. तुमचं घर कितीही हौसेचं असलं तरी पाच-सात किलोवॅट. चिऱ्याची भिंत चांगलीच, पण वर उघडा स्लॅब टाकणार असाल तर मे महिन्यात रात्री बारापर्यंत तो तापलेला राहील. वर कौलं किंवा पत्र्याची शेड करा, मध्ये हवा खेळू द्या, पश्चिमेला पडवी ठेवा. पावसाचीही सोय होते.

प्रश्न : कायद्यात आता बोटीपण आल्यात असं वाचलं. आमच्या ट्रॉलरच्या इंजिनलाही स्टार लागणार का? डिझेलने कंबरडं मोडलंय. (हर्णै)

उत्तर : कायद्यात आल्यात हे खरं. २०२२ च्या दुरुस्तीने गाड्यांबरोबर जहाजं-बोटींच्या इंधन वापराचं मानक ठरवायचा अधिकार सरकारला मिळाला. पण अधिकार मिळणं वेगळं, तुमच्या बोटीवर लेबल चिकटणं वेगळं, त्यामुळे आज त्याची चिंता करू नका. डिझेलची करा, ती तुमच्या हातात आहे.

बोटीचा वेग वाढवला की लागणारी ताकद त्याच्या घनाने वाढते, दुप्पट वेगाला आठपट. उलटं केलं तर फायदा पण तसाच. बंदरापासून वीस सागरी मैल जाताना आठ नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ७.२ ने गेलात तर सतरा मिनिटं जास्त लागतील आणि तेवढ्या अंतराचं डिझेल एकोणीस टक्क्यांच्या आसपास वाचेल. जाळं ओढतानाचं गणित वेगळं, हे नुसत्या जाण्यायेण्याचं. येताना लिलाव गाठायचा असतो, भाव पडतो, तेव्हा पळवावीच लागते हे मला कळतं, पण जाताना कसली शर्यत असते सगळ्यांची? तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) आणि इंजिन ड्रायव्हरला बसवून एकदा हे बोला, कारण डिझेल मालकाचं आणि थ्रॉटल त्यांच्या हातात, तेच बिल्डर आणि फ्लॅटवाल्यासारखं. काही ठिकाणी वाटणीच्या आधी डिझेल वजा होतं, तिथे खलाशांनाही ते लागतं, मग आपोआप हळू जातात.

आणि जून-जुलैच्या बंदीत बोट वर ओढाल तेव्हा तळ नीट खरवडून घ्या, शेवाळ, कालवं सगळं. खरखरीत तळाची बोट तोच वेग गाठायला जास्त डिझेल पिते. बोटीच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्याला दगड लागून दात पडले असतील तर पातं काढून वर्कशॉपला द्या, वाकलेलं पातं डोळ्याला दिसत नाही पण स्टर्न ट्यूब (पंख्याचा दांडा जिच्यातून जातो ती नळी) थरथरते त्यावरून कळतं. रंग लावायच्या आधीच हे करा, नंतर घाईत राहून जातं.